जास्तीची पाचवी

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही असाल. हे वाक्य लिहिल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही हे तुला माहीतच आहे. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तू "बरं, ठेवते, वॉर्डात जायचंय" म्हणतेस, मी "हो हो, जा" म्हणतो आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटतं. म्हणून कागद घेतला.

मुंगी बरी आहे. सांधे धरणारा तो मेला ताप एकदाचा गेला. हृदयाला काही झालेलं नाही असं डॉक्टरीणबाईंनी परवा पुन्हा तपासून सांगितलं, आणि तू आखून दिलेल्या औषधांच्या वेळा पाळल्या म्हणून आम्हाला शाबासकीही दिली. ती शाबासकी तुझी, म्हणून कळवतो. आता ती कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन येते. अंगावर माझे जुने ढगळ सदरे घालते आणि खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवते. लेक अकरा वर्षांची झाली, पण अजून माझ्या डोळ्यांना ती मुंगीच दिसते.

कामाचं म्हणशील तर मोठं काम मिळालं आहे. मुंगीच्याच शाळेचं. तिच्या शाळेच्या दोन इमारती आहेत. पाचवीपर्यंत छोटी शाळा आणि सहावीपासून रस्त्यापलीकडची मोठी शाळा, जिथे दाढी करणारे विद्यार्थीही आहेत. नवीन मुख्याध्यापिका आल्या आहेत, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, आणि उंचीने त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. त्यांनी ठरवलंय की पाचवी, सहावी आणि सातवी या तीन इयत्तांना मागच्या रिकाम्या बैठ्या इमारतीत एकत्र ठेवायचं. त्यांचं म्हणणं असं की या वयाची मुलं लहानांत बसवली तर त्यांना लाज वाटते आणि मोठ्यांत बसवली तर ती गप्प होतात, तेव्हा त्यांना त्यांची म्हणून एक जागा पाहिजे. मी मान डोलावली. मला बाकांशी मतलब.

पाचवीला बुटकी बाकं, सहावीला मध्यम, सातवीला उंच, हा हिशोब आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याप्रमाणे मी पाय कापायलाही घेतले. आता बाई म्हणतात, आधी प्रत्येक मुलाचं माप घ्या. म्हणजे नसता उपद्व्याप. पण गिऱ्हाईकापुढे बोलायचं कोणी?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मुंगीची अख्खी पाचवी अंथरुणात गेली. शाळेचं मत पडतंय की तिने पुन्हा पाचवीत बसावं. तिच्या वर्गातल्या मुली सहावीत जातील. मलाही वाटतं, काय घाई आहे? तुझं काय मत? तुझ्याशिवाय कोणाला विचारू, आपल्या घरात दोनदा पाचवी केलेली तूच.

मुंगीला मी तो किस्सा सांगितला. आपल्या वेळी सहावीची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, मुलीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून बाबांनी तुला आणखी एक वर्ष पाचवीतच बसवलं, मी मागून येईपर्यंत. मग आपण दोघं एका वर्गात, पाचवीपासून थेट शेवटपर्यंत. ती म्हणाली, "म्हणजे आत्या नापास झाली होती?" म्हटलं, नाही गं, पहिली आली होती. त्यावर तिने विषयच बदलला.

तेव्हा तसं काही बिघडलं नाही ना आपलं? मजाच आली की. सवडीने लिही.

तुझा नेहमीचाच,
वर्गबंधू


शुक्रवार, २८ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. सगळे बरे आहेत.

तुझं कार्ड पोचलं. कार्डावर एवढी जागा असताना एकच ओळ लिहिलीस: "पाचवी पुन्हा करायची हे शाळेने ठरवलं की तू?" मी ते कार्ड आरशाच्या कडेला खोचलं होतं. मुंगीच्या आईने दाढीच्या वेळी मला बरोबर गाठलं. वाचून म्हणाली, "तुझ्या बहिणीला तू दिसतोस रे तिथून." आणि औषधाच्या दुकानात कामाला निघून गेली. उत्तर देतो. पण आधी मापं घेतली तो दिवस सांगू दे, कारण त्या दिवसापासून मी पूर्वीसारखा राहिलेलो नाही.

मी एक मापाचा बाक तयार केला. त्याची बसायची फळी आणि तिच्याबरोबर समोरची लिहायची फळी खुंट्यांवर वर-खाली सरकते. पोराने बूट काढून बसायचं, पाऊल जमिनीवर सपाट टेकलं पाहिजे आणि मांडी आडवी राहिली पाहिजे. तसं होईपर्यंत मी फळी सरकवायची. फळीच्या चार उंच्या आणि त्यांना लोकरीचे चार रंग. लाल सगळ्यात बुटका, मग पिवळा, मग हिरवा, आणि निळा सगळ्यात उंच. ज्याचं जे माप निघेल त्या रंगाची लोकर मनगटाला बांधायची. बांधायला मुंगीला नेलं होतं. बसून करायचं काम, शिवाय तिला घराबाहेर हवा लागेल.

पुढच्या वर्षी पाचवी, सहावी आणि सातवीत जाणारी सगळी मुलं शाळेच्या सभागृहात तीन रांगांत उभी होती. मी मनात म्हटलं, ही रांग लाल-पिवळी, ती पिवळी-हिरवी आणि पलीकडची सगळी निळी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोकळा होईन.

पहिल्या काही मुलांतच माझा हिशोब कोलमडला. सातवीच्या रांगेतला एक, आवाज फुटलेला, ओठावर लव, रुबाबात येऊन बसला आणि माप निघालं पिवळं. त्याने मनगट लपवलं. पाचवीच्या रांगेतली एक मुलगी, पुढचा दात पडलेला, दोन वेण्या, हातात बाहुलीचा बूट, ती निघाली निळी. तिच्या पोटऱ्या एवढ्या लांब की तिलाच त्यांचं काय करावं कळत नव्हतं, दोनदा माझ्या पेटीला अडखळली. एकाची पावलं माझ्याएवढी होती आणि खांदे मुंगीएवढे. मी थट्टा केली, तर तो गंभीरपणे म्हणाला, "आधी पावलं आलीत, बाकीचं येतंय." जुळी भावंडं होती, त्यातली बहीण हिरवी निघाली आणि भाऊ लाल. एका वर्षात जन्मलेली, एका वर्गात बसणारी, एकच पुस्तक वाचणारी मुलं, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. ताई, मी इतकी वर्षं बाकं करतो, पण त्यांच्यावर बसणाऱ्यांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

सगळ्यांची मापं झाल्यावर मोठ्या बाईंना काय सुचलं कोणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "आता इयत्ता विसरा. रंगाप्रमाणे उभे राहा." क्षणभर कोणी हललं नाही. मग ती तीन रांगांची सगळी मुलं एकमेकांत मिसळली, मनगटं वर करून आपापला रंग शोधायला लागली, आणि सभागृहात नुसता पावलांचा आवाज. थांबली तेव्हा चार घोळके होते आणि प्रत्येक घोळक्यात तिन्ही इयत्ता. दात पडलेली ती निळी पोर सातवीच्या दांडगट मुलांत उभी होती आणि ती मुलं तिला जागा करून देत होती. पिवळं मनगट लपवणाऱ्याला शेजारी त्याच्यासारखेच आणखी दोन सातवीचे सापडले, तसा त्याने हात खिशातून काढला. कोणी हसलं नाही. मला वाटतं, आपण सगळे एकाच वेळी वाढत नाही हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. शाळेने एवढ्या मुलांना दरवर्षी एका दारातून आत घेऊन दुसऱ्या दारातून बाहेर काढायचं ही किती मोठी गोष्ट आहे, आणि ती साध्य होते याचंच नवल वाटलं.

मी कापून ठेवलेल्या पायांपैकी निम्मे वाया गेले. उंच पाय कापून बुटका करता येतो, बुटक्याला काय करणार? बाईंनी तो खर्च शाळेच्या अंगावर घेतला, तो प्रश्न नाही.

मग बाई मुंगीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आणि हिचा रंग कुठला?"

मी न बघताच लाल लोकर उचलली. म्हटलं, ही लालच, बारीक आहे.

मुंगी म्हणाली, "बाबा, तू मोजलंच नाहीस."

बूट काढून ती बाकावर बसली. फळी लालच्या खुंटीवर होती. तिचे गुडघे सरळ वर आले आणि लिहायच्या फळीच्या खालच्या कडेवर आपटले. फळी पिवळ्यावर नेली, तरी मांडी आडवी होईना. हिरव्या खुंटीवर तिचे पाय नीट टेकले. हिरवा, ताई. माझी मुंगी. एवढे महिने अंगात ताप, जेवणाच्या नावाने बोंब, मी उशाशी बसून देवाला फक्त एवढंच मागत होतो की ही टिकू दे, आणि ती तिथे पडल्या पडल्या वाढत होती. आडवी होती आणि सदरा ढगळ होता, म्हणून आम्हाला दिसलं नाही. तिची हाडं आमच्या काळजीची वाट बघत थांबली नाहीत. मी जमिनीवर बसून तिचं पाऊल हातात धरून राहिलो. ती म्हणाली, "बाबा, लोक बघतायत."

आणि मग तिने गुडघा चोळला. फळीची कड लागली होती, तिथे लाल झालं होतं.

तुझ्या गुडघ्यांवर त्या वर्षी निळे डाग असायचे. दोन्ही गुडघ्यांवर, वाटीच्या जरा वर, अगदी एका उंचीवर. आई रोज तेल चोळायची आणि म्हणायची, काय धडपडी पोर आहे. पण तू त्या वर्षी एकदाही पडली नव्हतीस. तू कधी पळतच नव्हतीस. तू आमच्यापेक्षा वर्षाने मोठी, शिवाय उंच, आणि बाक आमच्या मापाचा. बाकांचा धंदा करणाऱ्या माणसाला हे आता कळतंय. त्या डागांशेजारीच माझा बाक होता.

आता तुझ्या ओळीचं उत्तर. शाळेने नाही ठरवलं. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या की शाळा उघडण्याआधी पाचवीच्या गणिताची आणि भाषेची एक छोटी परीक्षा घेऊ, जमलं तर सहावी, आणि घरच्यांनी काय ते सांगावं. मीच म्हटलं, पाचवीच बरी. मला ती पाचवी परत पाहिजे होती. जी आमच्या हातून गेली, तीच. ती छोट्या शाळेत, डब्यात अर्धी पोळी टाकून परत येणारी, मला अजून एक वर्ष हवी होती. मुंगीची आई म्हणते, तिचं वर्ष तू स्वतःसाठी मागतोयस. मी त्यावर दोन दिवस तोंड फुगवून बसलो, म्हणजे ती बरोबर बोलली असणार.

ताई, त्या वर्षी तुला काय वाटायचं? आपण त्यावर कधी बोललोच नाही. सांगायचं नसेल तर नको सांगू. पण मुंगीचं मी काय करू ते सांग, शाळेला कळवायचं आहे.

तुझा
वर्गबंधू

(सवयीने लिहून गेलो. खोडत नाही, कागद खराब होतो.)


रविवार, २२ जून

प्रिय ताई,

नमस्कार. नीट पोचलीस ना? गाडीत जागा मिळाली का? तुझी छत्री इथेच राहिली आहे, आणि मुंगी ती द्यायला तयार नाही. म्हणते, आत्याला परत यायला कारण पाहिजे.

तुझं एप्रिलमधलं पत्र मी अजून सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतो. तू समोर असताना त्यावर बोलायला मला जमलं नाही, तूही बोलली नाहीस. स्वयंपाकघरात दोघांनी मिळून भांडी घासली आणि पाण्याच्या दाबावर चर्चा केली. तेव्हा इथेच लिहितो.

तू लिहिलंस की गुडघ्यांचं काही वाटायचं नाही, त्रास हाताचा व्हायचा. गुरुजींनी प्रश्न विचारला की तुझा हात वर जायचा आणि गुरुजी म्हणायचे, "तू नको, तुला येतं." पहिले काही महिने तू वर करत राहिलीस. मग हात आपोआप वर जायचा थांबला. सहावीत गेल्यावर, जिथे तुलाही सगळं नवीन होतं, तिथेही तो वर गेला नाही. एवढंच लिहिलंस, कोणावर दोष नाही, काही नाही. आणि त्याखाली: "पाचवीचा अभ्यास मी दोनदा केलाय, अजून पाठ आहे. माझ्याकडे एक पाचवी जास्तीची आहे. ती मुंगीला देते. सुट्टी टाकून येते. पण आधी तिला विचार."

मी विचारलं, ते तुला सांगितलंच. पण तिने नेमकं काय म्हटलं ते नव्हतं सांगितलं. ती म्हणाली, "सहावीत नाही जमलं तर पाचवीत येता येईल?" म्हटलं, येईल. "आणि पाचवीत बसले आणि सगळं येत असेल, तर मध्येच सहावीत जाता येईल?" म्हटलं, बहुधा नाही. "मग सहावी," असं म्हणून ती पुन्हा खिडकीत जाऊन बसली. मी महिनाभर डोकं धरून बसलो होतो त्याचा तिने तीन वाक्यांत निकाल लावला.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट. तू येऊन आठवडा झाला असेल. तुम्ही दोघी आतल्या खोलीत अपूर्णांकांशी झुंजत होतात आणि मी दाराचं बिजागर दुरुस्त करायच्या निमित्ताने बाहेर उभा होतो. बिजागराला काहीही झालेलं नव्हतं. मुंगी कंटाळली आणि म्हणाली, आता मी बाई, तू विद्यार्थिनी. तू खाली सतरंजीवर मांडी घालून बसलीस, चष्मा, पांढरे केस, सगळं घेऊन. तिने पट्टी आपटून विचारलं, तीन चतुर्थांशातून अर्धा गेला तर किती? तू गप्प होतीस. मला वाटलं तू मुद्दाम थांबली आहेस, तिने सांगावं म्हणून. मग मी पाहिलं की तुझा उजवा हात मांडीवरून उठला, अर्ध्यावर थांबला, आणि मग वर गेला. सरळ, कोपर न वाकवता, कानाला लागून.

मुंगीने इकडेतिकडे पाहिलं, जणू खोली मुलांनी भरली आहे, आणि म्हणाली, "हं, तू सांग."

तू म्हणालीस, "एक चतुर्थांश." आवाज तुझा नव्हताच. मी पेचकस घेऊन अंगणात गेलो आणि तिथेच थांबलो. मुंगीच्या आईने विचारलं, काय झालं, तर म्हटलं डोळ्यात भुस्सा गेला. ती म्हणाली, सुट्टीच्या दिवशी कुठला भुस्सा? ताई, तो हात इतकी वर्षं कुठे होता, आणि तरी त्याला रस्ता कसा आठवत होता, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पोर अंथरुणात पडून वाढते आणि बहिणीचा हात पन्नाशीनंतर वर जातो. मी साधा सुतार माणूस, मला वाटायचं वाढ म्हणजे काय ते फूटपट्टीवर दिसतं.

परीक्षा तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी झाली. मुंगी आत आणि मी पायरीवर, जीव टांगणीला. बाहेर आली ती चेहरा पाडून. म्हणाली, भाषेत एक निबंध अर्धाच झाला. मोठ्या बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, निबंध अर्धा असला तरी चांगला आहे, आणि अपूर्णांक एकही चुकलेला नाही, कोणी शिकवले? मुंगी म्हणाली, "माझ्या आत्याने. तिची पाचवी दोनदा झालीय." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हजेरीत तिचं नाव सहावीत घातलं.

काल शाळेचा पहिला दिवस होता. इमारत रंगवून झाली आहे, माझी बाकं लागली आहेत, प्रत्येक वर्गात चारही मापांची, प्रत्येकावर त्याच्या मापाच्या रंगाचा ठिपका. ज्याने त्याने आपापलं बघून बसायचं. मी दारातूनच पाहिलं. मुंगी हिरव्या ठिपक्याच्या बाकावर बसली, आधी दोन्ही पावलं जमिनीवर टेकवून पाहिली, मग गुडघ्यांवरून हात फिरवला. गुडघे आणि फळी यांच्यामध्ये चांगली चार बोटं जागा होती. वर्गाच्या बाईंनी काहीतरी विचारलं. काय ते मला ऐकू आलं नाही. पण वर्गातला पहिला हात तिचा होता, आणि बाईंनी तिलाच सांगायला लावलं.

आता एक शेवटचं. मी आजवर तुला जेवढी पत्रं लिहिली, सगळ्यांखाली तीच सही केली आणि ती मला फार मजेची वाटायची. तू कधी काही म्हणाली नाहीस. आपला वर्ग कधीच एक नव्हता, ताई. तू पुढे होतीस, तुला माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. छत्री घ्यायला लवकर ये.

तुझा, तुझ्याहून एक इयत्ता मागचा,
धाकटा भाऊ